फुलावरचा कीटक टिपताना
फुलावर बसलेल्या कीटकाचे छायाचित्र धूसर येते, तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. मॅक्रो लेन्सने कीटक मूळ आकाराएवढा टिपताना, छिद्र एफ/११ इतके लहान ठेवले तरी सुस्पष्ट भागाची खोली जेमतेम १ मिलिमीटर भरते. छिद्र आणखी लहान केल्यास ती वाढते. परंतु प्रकाशाच्या विवर्तनामुळे साऱ्याच चित्राचा रेखीवपणा उणावतो. त्यापेक्षा फुलपाखराचे मिटलेले पंख कॅमेऱ्याला समांतर येतील असा कोन शोधावा. मधमाशी समोरून टिपायची असेल, तर डोळे स्पष्ट हवेतच. पाय धूसर राहिले तरी चालतात.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर खरी अडचण वाऱ्याची. कवल्याचे फूल क्षणभर स्थिर राहत नाही आणि ऑटोफोकस चाचपडत राहतो. अशा वेळी फोकस हाताने कायम करून आपणच किंचित पुढे-मागे झुकावे व डोळा स्पष्ट दिसताच बटण दाबावे. फ्लॅशचा झोत अत्यल्प काळ टिकत असल्याने हालचालीचा धूसरपणा टळतो; त्यावर पातळ पांढरा कागद लावल्यास चकाकी सौम्य होते. सकाळच्या गारव्यात कीटकांचे अंग तापलेले नसते, त्यामुळे ते चटकन उडत नाहीत. तोवर धुके मात्र हटलेले हवे.