बहात्तरचा दुष्काळ व कामावरील टोळ्या

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं सुखाच्या दिवसांबरोबर कठीण दिवसांचेंही स्मरण करावें, असें आम्हांस वाटतें. बीडहून सोलापूरच्या वाटेनें घाट चढून गेलें कीं बालाघाटाच्या माथ्यावर मांजरसुंबा लागतें. जवळच मन्मथस्वामींचें समाधिस्थान कपिलधार आहे. तेथील धबधबा पावसाळ्यांत पाहणाऱ्यास या मुलुखांत पाण्याची वाण असेल, हें खरें वाटणार नाहीं. परंतु डोंगरावर पडलेलें पाणी उतारानें धांवून जातें आणि उन्हाळ्यांत विहिरी कोरड्या पडतात.

दुष्काळ या भूमीस नवा नव्हे. १८९१ सालीं बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ६ लक्ष ४२ हजार होती; १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०१ च्या खानेसुमारींत ती ४ लक्ष ९२ हजार भरली. दहा वर्षांत दीड लक्ष माणसें कमी झालीं.

१९७० पासून पुन्हां पाऊस हात आंखडूं लागला व १९७२ सालीं पिकें साफ बुडालीं. या खेपेस मात्र जुना अनर्थ टळला. सरकारनें जागोजाग दुष्काळी कामें काढलीं: खडी फोडणें, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यभर सुमारें ५० लक्ष माणसें अशा कामांवर होतीं. परदेशची तांबडी मिलो ज्वारी आणि मुलांच्या हातावर पडणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाहीं.

या कामांची एक रीत आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पुष्कळ ठिकाणीं मजुरी माणसागणिक नव्हे, तर टोळीनें किती माती खणली वा किती खडी फोडली, याचें माप घेऊन मिळे. मग ती टोळींत वांटली जाई. अशा टोळींत थकलेली म्हातारी किंवा दिवस गेलेली स्त्री घ्यावयाची, म्हणजे उरलेल्या प्रत्येकानें आपल्या भाकरीचा तुकडा मोडून द्यावयाचा. घरीं पोरें उपाशी असतां हा हिशेब कोणास कळत नव्हता असें नाहीं. सर्वच टोळ्यांनीं उदार मन दाखविलें, असेंही आम्ही म्हणणार नाहीं. हजेरीपटावर खोटीं नांवें चढविणारे लोकही त्याच दुष्काळांत झाले. पण ज्या टोळीनें दुबळ्यास घेतलें, त्या टोळीचें दान श्रीमंताच्या देणगीहून आम्हांस मोठें वाटतें. तें शिलकेंतलें नव्हतें. घेणारीसही भीक घेतल्याची लाज नव्हती; कारण तिच्याही हातीं घमेलें होतें.

दुष्काळ सरला. फोडलेल्या खडीचे कित्येक ढीग रस्त्याच्या कडेस तसेच पडून राहिले, हें त्या कामांचें व्यंग होय. तेव्हांच श्रम माती व पाणी अडविण्याकडे लावावे, हा विचार बळावला. शेजारच्या नगर जिल्ह्यांत (आतां अहिल्यानगर) तो नेटानें पुढें नेणारांत येशूसंघीय फादर हरमन बाखर हे प्रमुख होते. हे स्विस धर्मगुरू १९४८ सालीं हिंदुस्थानांत आले. १९९३ सालीं फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनीं पाणलोटाच्या कामासाठीं ‘वॉटर’ ही संस्था उभारली. २०२१ सालीं फादर बाखर निवर्तले.

त्यांच्या पद्धतींत गांवानें आधीं श्रमदान करावयाचें, डोंगरावर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयाची, मगच पैसा यावयाचा. येथें टोळीचाच जुना प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. माथ्यावर चर खणले कीं पाणी वाढतें तें खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीचें. चराई बंद होते ती मात्र भूमिहीनाच्या दोन शेळ्यांची. म्हणून गांवसभेंत आधीं त्या शेळ्यांचा विचार करावा लागे. बंद केलेल्या रानांतील गवत विळ्यानें कापून डोक्यावरून घरीं न्यावें, अशी तोड निघे. आणि पाणी लागलेल्या शेतावर वर्षांतून अधिक दिवस मजुरी मिळूं लागली, तेव्हां शेळीवाल्या घराच्या पदरांतही त्या पाण्याचा कांहीं वांटा पडला.