ओळखीचा डीलर

परवा लांज्याला घरी गेलो, तर बाबा नव्या गाडीसाठी पुन्हा त्याच जुन्या डीलरकडे निघालेले. "आपल्याला ओळखतो तो!" ओळखतो हो, पण कमी किती करतो?

बाबांची चूक नाही म्हणा. त्यांच्या लहानपणी लायसन्स-राज होतं. कुर्ल्याची पद्मिनी नाहीतर ॲम्बॅसडर, निवड जवळपास एवढीच, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. तेव्हा ओळख हाच काय तो आधार. १९८३ मध्ये मारुती आली, तरी रांग होतीच. १९९३ मध्ये मोटारींची परवानापद्धत उठली, कंपन्या वाढल्या आणि वाट बघायची पाळी डीलरवर आली!

म्हणून मी कोल्हापूरचं कोटेशन दाखवलं. पंधरा मिनिटांत 'जुन्या ग्राहकांसाठी खास' सूट निघाली. निष्ठेला किंमत असते, पण दुसरं दार उघडं असेल तरच.

असो. बाबा मात्र खूश: "बघ, ओळख कामी आली!"