बाकरगंजचे दुसरे मरण

पद्मा, ब्रह्मपुत्र आणि मेघना या तीन महानद्यांचे पाणी एकवटून ज्या ठिकाणी बंगालच्या उपसागरास मिळते, तेथे जमीन कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो, याची हद्द आजवर कोणत्याही मोजणीदाराला कायमची आखता आलेली नाही. नदी हिमालयापासून वाहून आणलेला गाळ तेथे टाकते, गाळाचे बेट होते, बेटावर गवत उगवते, आणि गवतापाठोपाठ नांगर घेऊन माणूस येतो. अशा नव्याने वर आलेल्या भूमीला तिकडे ‘चर’ म्हणतात. कोकणातील खाजणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही भूमी थोडीफार ओळखीची वाटेल. भेद इतकाच, की खाजणाला बांध असतो आणि एकोणिसाव्या शतकात या बहुतेक चरांना तो नव्हता. भाताचे उदंड पीक, घराभोवती दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांची आठवण व्हावी अशी नारळी-पोफळीची दाट झाडी आणि प्रत्येक वस्तीला पिण्याच्या पाण्याचे एखादे खोदीव तळे, हे त्या मुलखाचे वैभव. बारिसाल हे ज्याचे मुख्य ठाणे तो बाकरगंज जिल्हा, आज भोला म्हणून ओळखले जाणारे दक्षिण शाहबाजपूर बेट आणि पूर्वेकडील हातिया व संद्वीप ही नोआखालीची बेटे, एवढ्या टापूत त्या काळी सुमारे दहा लक्ष माणसे राहत असत.

१८७६ सालची दिवाळी होऊन पंधरवडा लोटला होता. कार्तिकी पौर्णिमा तोंडावर आलेली. म्हणजे भरतीला उधाण, आणि शेतात अमनचे म्हणजे हिवाळी हंगामाचे भात पिकण्याच्या बेतात. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून वारा वाढत गेला आणि मध्यरात्रीच्या सुमारास समुद्र जमिनीवर चालून आला. उत्तरेकडे नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा हा उपसागर तळाशी उथळ आहे. त्यामुळे वादळाने पुढे लोटलेल्या पाण्याला बाजूस पसरावयास जागा सापडत नाही, आणि ते चढत चढत मुखाशी येते. त्या रात्री त्यात पौर्णिमेच्या उधाणाची आणि मेघनेच्या प्रवाहाची भर पडली. पाणी किती चढले याविषयीचे अंदाज ठिकठिकाणी निरनिराळे आहेत. कोठे दहा फूट, तर कोठे चाळीस. झोपेतून उठलेल्या माणसांना गच्ची नव्हती, टेकडी नव्हती, उंचवटाही नव्हता. होती ती घराभोवतीची झाडे. जे वाचले त्यांतील बहुतेक त्या झाडांमुळे वाचले, असे त्या काळच्या सरकारी वृत्तान्तांतही नमूद आहे.

बंगालला वादळ नवे नव्हते, आणि वादळाचे शास्त्रही सर्वस्वी अज्ञात नव्हते. बंदरातील अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायसभेचे प्रमुख हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात बसून गलबतांच्या रोजनिश्या चाळता चाळता, सर्पाच्या वेटोळ्यासारखा फिरणारा हा वारा ओळखला आणि त्याला ‘सायक्लोन’ हे नाव दिले. मातला नदीवर नवे बंदर बांधू नये, एक दिवस समुद्र ते गिळंकृत करील, असे त्यांनी १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीला लिहून कळविले होते. बंदर बांधले गेले आणि १८६७ च्या वादळाने त्याची धूळधाण केली. त्याआधी ५ ऑक्टोबर १८६४ रोजी हुगळीतून चढलेल्या लाटेने हजारो माणसे बुडविली व कलकत्त्याच्या बंदरातील जहाजांचा चुराडा केला. त्यानंतर वर्षभरातच तेथे वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाती हवामानखात्याची सूत्रे देण्यात आली. परंतु ही सारी सूचना बंदरासाठी होती. नांगरलेल्या जहाजाच्या कप्तानाला वाऱ्याची इतल्ला देणारी यंत्रणा उभी राहिली. चरावर भाताची राखण करणाऱ्या कुळापर्यंत तोच निरोप पोहोचविणारे कोणीही नव्हते. मालाच्या विम्याचे हिशेब ठेवणाऱ्या राज्यात त्या कुळाची मोजदाद मेल्यावरच व्हावयाची होती, हे लिहिताना आजही मनाला यातना होतात.

मोजदाद करावयास बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल थोड्याच दिवसांत आगबोटीने स्वतः गेले. हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुढल्याच वर्षी ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होऊन आले. टेंपल हे आळशी किंवा निर्दय अंमलदार नव्हते. १८७३-७४ मध्ये बिहारात अवर्षण पडले तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशाहून प्रचंड प्रमाणात तांदूळ आणवून लोकांना जगविले, आणि दुष्काळ असूनही माणसे जवळजवळ दगावली नाहीत, असा विरळा प्रसंग इंग्रजी अमदानीत घडवून आणला. त्याचे बक्षीस म्हणून त्यांच्या पदरी उधळपट्टीचा ठपका पडला. सहा कोटींहून अधिक रुपये खर्चून हा गृहस्थ लोकांना आळशी बनवितो, अशी टीका इकडेही झाली आणि विलायतेतही झाली. तो डाग धुऊन काढण्याच्या मनःस्थितीत असलेला अधिकारी बाकरगंजच्या चिखलात उतरला, हे ध्यानी घेतल्यावाचून पुढे जे घडले त्याचा अर्थ लागत नाही.

टेंपल यांनी पाहिले आणि लिहिले, ते डोळसपणे लिहिले. दोन लक्षांहून अधिक, त्यांच्या हिशेबाने २,१५,००० माणसे बुडाली असावीत, असा त्यांनी अंदाज केला. जे उरले होते ते चिखलातून धान्य उकरून काढून उन्हात वाळवीत होते. शेतातील उभे भात सर्वत्र नष्ट झालेले नव्हते; महिना-दीड महिन्यात कापणी व्हावयाची होती. मुलूख सुपीक, रयत खाऊनपिऊन सुखी, पोफळीच्या बागांचे उत्पन्न चांगले. तेव्हा सरकारने हात सैल सोडण्याचे कारण नाही, व्यापारी तांदूळ आणतील, बाजार भरतील, लोक आपल्या पायांवर उभे राहतील, असा त्यांचा निष्कर्ष झाला. मोजकी मदतकेंद्रे उघडली गेली, आणि खजिन्याचे दार त्याहून फारसे उघडले गेले नाही.

या निष्कर्षात चूक कोठे होती? मला वाटते, ती मापात होती. त्या पिढीच्या अंमलदारांना संकट म्हणजे दुष्काळ एवढेच ठाऊक होते, आणि दुष्काळाचे माप म्हणजे धान्य. कणगीत भात आहे ना, मग माणूस जगेल, हा त्यांचा सिद्धान्त. टेंपल यांनी धान्य पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. तळ्याकडे पाहावयाचे राहून गेले.

त्या तळ्याकडे आपण क्षणभर पाहू. वस्तीच्या मध्यभागी खणलेले, चारी काठ थोडे उंच केलेले, उतरावयास ताडाच्या खोडाच्या पायऱ्या. आदल्या संध्याकाळपर्यंत बायका त्यातून घागरी भरून नेत. वादळाच्या रात्री त्यावरून समुद्र गेला; सकाळी पाणी ओसरले तेव्हा तळे काठोकाठ भरलेलेच होते, पण खाऱ्या पाण्याने. त्यात छपराचे वासे होते, झाडांची पाने कुजत होती, गुरे फुगून तरंगत होती, आणि माणसेही होती. ज्यांनी ती बाहेर काढून पुरावयाची किंवा जाळावयाची, तेच नाहीसे झालेले. सर्वत्र पाणी असलेल्या त्या मुलखात ओंजळभर पिण्याजोगे पाणी नव्हते. तहान मात्र कापणीपर्यंत थांबणारी नव्हती. लोक तेच पाणी प्याले, आणि काही आठवड्यांत पटकीने घरेच्या घरे ओस पाडली. समुद्राने सुमारे एक लक्ष माणसे नेली आणि मागाहून रोगराई व उपासमार यांनी तितकीच नेली, असा हिशेब पुढील ग्रंथांतून मांडलेला आढळतो. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात सापडावयास १८८४ साल उजाडावे लागले, हे खरे. तरीही पटकी दूषित पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी या वादळाच्या दोन दशके आधीच दाखवून दिले होते. ज्ञान होते, ते मेघनेच्या मुखापर्यंत नेण्याची निकड कोणाला वाटली नव्हती.

याच काळात दक्षिण शाहबाजपूरचा कारभार पाहण्यासाठी एका तरुण हिंदी अधिकाऱ्याला पाठविण्यात आले. त्यांचे नाव रमेशचंद्र दत्त, वय अठ्ठावीस. पुढे ‘हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास’ लिहिणारे, १८९९ च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष, आणि आयुष्याच्या अखेरीस सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे राज्याचे अमात्य व मग दिवाण झालेले तेच हे दत्त. वादळ आणि पटकी या दोहोंनी पिंजलेले बेट त्यांच्या हाती आले. त्या जिल्ह्यातील जमिनीचा बंदोबस्त विलक्षण गुंतागुंतीचा: जमीनदाराखाली तालुकदार, त्याखाली हवालादार, त्याखाली नीम-हवालादार, आणि या साऱ्या उतरंडीच्या तळाशी प्रत्यक्ष नांगर धरणारे कूळ. एका रात्रीत या उतरंडीतील माणसे नाहीशी झाली की जमीन कोणाची, गुरे कोणाची, उभे पीक कोणी कापावयाचे, असे प्रश्न प्रेते उचलण्याच्या आधीच उभे राहतात. दत्तांनी त्याआधी दोनच वर्षे बंगालच्या रयतेच्या स्थितीवर पुस्तक लिहिले होते. आता तीच रयत सर्वस्व गमावून त्यांच्या कचेरीपुढे उभी होती. पुढे १९०० मध्ये त्यांनी लॉर्ड कर्झनला दुष्काळ व जमीनमहसूल यांविषयी अनावृत पत्रे लिहिली, तेव्हा रयतेच्या घरात शिल्लक का उरत नाही हा एकच प्रश्न त्यांनी पुनःपुन्हा विचारला. त्या प्रश्नाची धार दक्षिण शाहबाजपुरातच लागली असावी, असे मी मानतो.

टेंपल मात्र तेथून वेगळाच धडा घेऊन निघाले. १८७७ च्या जानेवारीत त्यांची दक्षिणेतील दुष्काळी भागाच्या पाहणीवर नेमणूक झाली, आणि दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे पुरेत, असा दंडक त्यांनी घालून दिला. ‘टेंपल-मजुरी’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या या दराविरुद्ध मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जामागून अर्ज करून सरकारला धारेवर धरले. बाकरगंजमध्ये काटकसर ‘यशस्वी’ झाल्याचा समज दृढ झाला नसता, तर दख्खनच्या मजुरांच्या तोंडचा घास इतक्या सहजपणे तोलला गेला असता काय, हा विचार मला टाळता येत नाही. त्या महादुष्काळातून निदान दुष्काळी कायदा तरी निपजला. कोणत्या लक्षणावर कोणते काम केव्हा काढावयाचे, याचे नियम झाले. वादळासाठी मात्र असे काहीच झाले नाही. ज्याच्या मरणाला एक रात्र पुरते, त्याच्यासाठी नियम करावयास सरकारला सवड मिळत नाही.

त्याच भूमीवर चौऱ्याण्णव वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, समुद्र पुन्हा आला, आणि तीन ते पाच लक्ष माणसे गेली असावीत असे अंदाज आहेत. वादळाची सूचना रेडिओवरून दिली गेली होती. पण महिन्यापूर्वीच्या अशाच सूचनेतून फारसे काही निष्पन्न झाले नसल्याने लोकांनी ती मनावर घेतली नाही. पाकिस्तान सरकारने मदतीत केलेली दिरंगाई पूर्व बंगाल विसरला नाही. डिसेंबरच्या निवडणुकीत आणि त्यानंतरच्या वर्षात जे घडले ते सर्वश्रुत आहे. येथे सांगावयाची गोष्ट वेगळी आहे. अल्फ्रेड सॉमर आणि वायली मोस्ली या दोन डॉक्टरांनी गावोगाव फिरून वाचलेल्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांना असंख्य माणसांच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांच्या आतल्या अंगाला एकसारख्या सोललेल्या जखमा आढळल्या. रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा होत्या. ज्यांच्या मिठीत तेवढे बळ नव्हते, ती मुले, म्हातारी माणसे आणि बऱ्याच स्त्रिया, त्या पाहणीत मृतांच्या रकान्यात होती. जगलेल्यांना औषधांपेक्षा घर, बैल, बियाणे आणि होडी यांची निकड अधिक आहे, असेही या डॉक्टरांना दिसून आले. १८७६ सारखी पटकीची महामारी या वेळी पसरली नाही. त्याच सुमारास मीठ व साखर घातलेले साधे पाणी पाजून पटकीचा रोगी वाचविता येतो, हे ढाक्याच्या पटकी-संशोधन संस्थेत सिद्ध झाले होते, आणि १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत त्याच पाण्याने हजारोंचे प्राण वाचविले.

१९७२ पासून बांगलादेशात गावातल्याच माणसांना हाताशी धरून सूचनेची यंत्रणा उभारण्यात आली. कर्णा आणि झेंडा घेऊन स्वयंसेवक दारोदार जातो, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन निवाऱ्याच्या इमारतीत किंवा मातीच्या उंच टेकाडावर पोहोचवितो. आज अशा स्वयंसेवकांची संख्या पाऊण लाखाच्या वर गेली आहे. निवारे अपुरे होते तोवर या यंत्रणेलाही मर्यादा होत्या; १९९१ च्या एप्रिलमध्ये चितगावच्या बाजूला सुमारे एक लक्ष अडतीस हजार माणसे गेली. त्यानंतर निवारे वाढले, आणि वादळ ओसरताच पिण्याचे पाणी पोहोचविणे हे मदतीचे पहिले काम ठरले. १५ नोव्हेंबर २००७ रोजी सिद्र नावाचे तितकेच भयंकर वादळ पतुआखाली, बरगुना, पिरोजपूर या जिल्ह्यांवर, म्हणजे जुन्या बाकरगंजच्याच अंगावर, कोसळले. लक्षावधी माणसे त्या संध्याकाळी निवाऱ्यात बसून होती. सरकारी मोजणीप्रमाणे त्या वादळात सुमारे ३,४०० माणसे मृत्युमुखी पडली.