फरासीस ते फ्रान्सिस

माजलगावात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका कॅथोलिक कुटुंबात पुत्ररत्न जन्मले. बाप्तिस्म्यासाठी नाव ठरले फ्रान्सिस. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ पेढा हाती घेत आपुलकीने म्हणाले, "नाव जरा फिरंगी वाटतं हो. त्याचा अर्थ काय?" बाळाच्या वडिलांना उत्तर सुचेना, आणि तो प्रश्न फिरत फिरत आमच्यापाशी आला. गंमत अशी की, त्या गृहस्थांनी सहज उच्चारलेल्या 'फिरंगी' या शब्दातच अर्धे उत्तर दडलेले आहे.

ऱ्हाईन नदीच्या परिसरात फ्रँक नावाच्या जर्मन वंशाच्या टोळ्या राहत. त्यांचे नाव एका प्रकारच्या भाल्यावरून पडले असावे, असे पुष्कळ पंडित मानतात. या टोळ्यांनी गॉल प्रांत जिंकला, त्यांचा राजा क्लोव्हिस याने पाचव्या शतकाच्या अखेरीस संत रेमिजियस यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्या भूमीलाच फ्रान्स म्हणू लागले. राज्यकर्ता फ्रँक तेवढा स्वतंत्र, म्हणून 'फ्रँक' शब्दाला 'मुक्त' असाही अर्थ चिकटला. 'फ्रान्सिस' म्हणजे मुळात एवढेच : फ्रँकांपैकी एक, फ्रान्सकडचा.

फ्रेंच लोक ज्याला 'फ्रान्स्वा' म्हणतात ते हे नाव खऱ्या अर्थाने जगभर गेले ते मात्र इटलीतील एका कापडव्यापाऱ्याच्या घरातून. असिसीच्या पिएत्रो बेर्नार्दोने यांना 1181 किंवा 1182 मध्ये मुलगा झाला, तेव्हा ते व्यापारासाठी फ्रान्सला गेले होते. आईने बाळाला योहान या नावाने बाप्तिस्मा दिला होता. पित्याने परतल्यावर त्याला 'फ्रान्चेस्को' म्हणावयास आरंभ केला, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे असिसीच्या गल्लीतही हे नाव परकेच होते! आमच्या माजलगावकर शेजाऱ्यांसारखे कोणी तिथेही भेटले असेल. त्या टोपणनावाने जगणारा मुलगा संतपदाला पोहोचला आणि टोपणनावाचे बाप्तिस्म्याचे नाव झाले. 2013 साली प्रथमच एका पोपमहोदयांनी ते धारण केले, तेही असिसीकरांच्याच स्मरणार्थ.

आता आपल्या मराठीकडे वळू. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी पश्चिमेकडून आलेल्या सर्वांनाच 'इफ्रंज' म्हटले. फारसीत त्याचे 'फरंग' झाले आणि फारसीतून ते आपल्याकडे आले. मराठ्यांच्या हाती युरोपी पात्याची 'फिरंग' तलवार आली. 'फिरंगी' म्हणजे मुख्यत्वे पोर्तुगीज. खुद्द फ्रेंचांना मात्र जुन्या मराठीत निराळा शब्द होता, 'फरासीस'. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांची यादी येते, तीत फिरंगी आणि फरासीस एकाच पंगतीला बसलेले आढळतात. एकाच मुळाचे हे दोन फाटे. एक अरब-इराणची वाट चालून आला, दुसरा थेट समुद्रावरून.

मराठवाड्याने फरासीस शिपाई म्हणूनही पाहिला. 1751 मध्ये निजाम सलाबतजंगाबरोबर सेनापती बुसी आपले फ्रेंच सैन्य घेऊन औरंगाबादेस आला. पुढे जे आले त्यांच्याकडे तोफा नव्हत्या. 1838 मध्ये आन्सी येथील फादर पिएर मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापला. त्या संघाचे धर्मगुरू 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले, तेथून नागपूरला पोहोचले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या परिसरात आले. फादर जाकिये यांचे नाव तिथल्या जुन्या घरांतून आजही आदराने घेतले जाते.

येथे एक बारीकशी गोष्ट नमूद करावीशी वाटते. आन्सी सव्हॉय प्रांतात आहे, आणि सव्हॉय फ्रान्सला जोडला गेला तो 1860 मध्ये. विशाखापट्टणमला उतरलेले ते पहिले 'फ्रेंच पाद्री' भाषेने फ्रेंच असले, तरी प्रजा सार्डिनियाच्या राजाची होते! संत फ्रान्सिस द सेल्स हेही सव्हॉयचेच. 1567 साली जन्मलेल्या या बाळाच्या वडिलांचे नाव फ्रान्स्वा, आईचे फ्रान्स्वाज, आणि बाळाला बाप्तिस्मा दिला तो असिसीकरांच्या नावाने. पुढे ते जिनिव्हाचे बिशप झाले. 1977 मध्ये स्थापन झालेल्या आणि बीड जिल्हाही ज्यात येतो त्या औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथेड्रल त्यांनाच वाहिलेले आहे.

हे नाव मराठीत किती मुरले, याचा दाखला बीडला लागूनच असलेल्या उस्मानाबादेने (आताच्या धाराशिवने) दिला. जानेवारी 2020 मध्ये तेथे भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2024 मध्ये ते निवर्तले. त्या मांडवात त्यांच्या नावाचा अर्थ विचारण्याची गरज कोणास भासली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

माजलगावच्या घरी आम्ही हे सारे लिहून कळवले. उलट टपाली दुसरा प्रश्न आला : बाळाचा नामदिन नेमका कोणता मानावा? असिसीकरांचा 4 ऑक्टोबर, झेवियरांचा 3 डिसेंबर की सेल्सकरांचा 24 जानेवारी? आम्ही सेल्सकर सुचवले. आजीबाईंनी मात्र तिन्ही दिवशी गोडधोड करण्याचे ठरवले असल्याचे समजते.