‘पोरोसिस्’ आणि मराठी ‘कठोर’

नव्या करारांतील ‘पोरोसिस्’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मराठींत ‘मनाचा कठोरपणा’ असा सांगण्यांत येतो. हा प्रतिशब्द आम्हांस चिंत्य वाटतो.

मूळ शब्द ‘पोरोस्’, म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड. नागपुरास १८४५ सालीं आलेले स्टीफन हिस्लॉप हे धर्मोपदेशक असून भूगर्भवेत्तेही होते. टाकळीचे खडक तपासणाऱ्या त्या गृहस्थास हा अर्थ निराळा सांगावा लागला नसता. ग्रीक वैद्यांनीं तोच शब्द मोडलेलें हाड सांधतांना जमणाऱ्या कठीण गांठीस लावला. तेव्हां मूळ कल्पना थर चढून संवेदना नष्ट होण्याची आहे, क्रौर्याची नव्हे. मराठींत ‘कठोर’ म्हटलें कीं निर्दय हाच अर्थ प्रथम मनांत येतो. मार्काच्या सहाव्या अध्यायांत (६:५२) याच धातूचें क्रियापद येशूच्या शिष्यांस लाविलें आहे. कां, तर भाकरींचा प्रसंग त्यांस उमगला नाहीं. ते बिचारे निर्दय खास नव्हते! हिब्रू परंपरेंत हृदय हें बुद्धीचेंहि स्थान, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उलगडा होतो.

लॅटिन भाषांतरकारांनीं येथें ‘अंधत्व’ घेतलें. १६११ च्या इंग्रजी प्रतींत मार्क ३:५ येथें कठीणपणा, पण रोमकरांस ११:२५ येथें अंधत्व आहे. १८८१ च्या सुधारलेल्या प्रतींत दोन्ही ठिकाणीं कठीणपणाच आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं आर्मिटेज रॉबिन्सन यांनीं या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह करून जुना अर्थच आशयास जवळचा ठरविला. वाद केवळ शाब्दिक नाहीं. रोमकरांसच्या त्या वचनांत इस्राएल लोकांविषयीं बोलणें आहे; एका सबंध समाजास निर्दय म्हणावयाचें कीं अनभिज्ञ, हें या एका शब्दावर ठरतें.

घटस्फोटाच्या वचनांत (मत्तय १९:८) शब्द निराळा, ‘स्क्लेरोकार्दिया’. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत तो हृदयाच्या सुंतेच्या प्रसंगीं (अनुवाद १०:१६) योजिला आहे. तेथें हट्टाचा दोष स्पष्ट आहे.

पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेलें भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें. साध्या बायामाणसांस समजेल अशी मराठी असावी हा त्यांचा आग्रह होता. तोच दंडक लाविल्यास ‘स्क्लेरोकार्दिया’स ‘निर्ढावलेपणा’ आणि ‘पोरोसिस्’ला ‘निबरपणा’ हे शब्द आम्हीं सुचवितों. हातास घट्टा पडून तळवा निबर झाला, असें कुणबी सहज म्हणतो; त्यांत त्याच्या दयाबुद्धीचा प्रश्न येत नाहीं.

रामदासपेठ, नागपूर