आधी खुर्ची, मग विषय

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता काशीमिऱ्याच्या परिसरात एकमेकांना भेटतात. तिथले काशीगाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. मीरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 साली झाली, महानगरपालिका 2002 साली. आता मेट्रो-9 च्या मार्गावर काशीगाव नावाचे स्थानकही उभे आहे. विद्यापीठाच्या नकाशात हा सारा भाग मुंबई विद्यापीठाचा. त्यामुळे इथला पदवीधर व्यवस्थापन शिकायचे ठरवतो, तेव्हा बहुधा 'एमएमएस' ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी त्याच्यापुढे असते. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळे विषय. दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी मात्र एक फाटा लागतो : फायनान्स, मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स की सिस्टिम्स? ही पाच नावे एका दमात घेतली जातात, त्यामुळे ती एकाच घरातली भावंडे वाटतात. प्रत्यक्षात त्यांची कुळे वेगळी, वये वेगळी. त्यांना एका छपराखाली आणणारी वाट बरीच लांबची आहे आणि तिचा काही भाग मुंबईच्या गिरणगावातून जातो. आपण त्या वाटेने चालत येऊ.

सर्वांत वडील अर्थातच हिशेब. काशीगावाहून ठाण्याकडे निघाले की घोडबंदरचा किल्ला लागतो. या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, पुढे पोर्तुगीजांनी इथे किल्ला उभारला आणि 1737 साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. किल्ला घेतला की दुसऱ्याच दिवसापासून दाणागोटा, दारूगोळा, जकात आणि शिबंदीचा पगार यांचे कागद सुरू होत. मराठी मुलखात त्यासाठी पद्धत तयार होती. पत्रे कशी लिहावीत, हिशेब कसा मांडावा याचे नियम सांगणारी 'मेस्तके' यादवकालीन हेमाडपंताच्या नावावर चालत आली आहेत. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्चाची जबाबदारी अमात्याची. दप्तराची सचिवाची, परराज्यांच्या व्यवहाराची सुमंताची. खुर्च्या आधीच विभागलेल्या होत्या! रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त सावकारांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापाऱ्याला राज्यात कसे वागवावे आणि टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या, व्यापाराकडे किती सावधपणे पाहावे, हे तिथे एका जाणत्या कारभाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळते. पेशवाईत हा सगळा पसारा सरकारी कचेरीत, म्हणजे फडावर, आला आणि नाना फडणीसांच्या काळात फडाची शिस्त हीच राज्याची शिस्त ठरली.

हे शिक्षण मिळे कसे? शाळा नव्हती. उमेदवार कारकुनाच्या शेजारी बसे, मोडीचे वळण गिरवी, रोजकीर्द उतरवी, कीर्दीवरून खतावणी घाली आणि संध्याकाळी शिल्लक जुळली नाही तर दिवा लावून पुन्हा बसे. पेढीवरच्या मुनिमाचीही हीच रीत. विद्या बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे जाई. त्यात एक मोठी खोट होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरात दौत-लेखणी नाही, त्याला फडाचे दार बंद. तिकडे व्हेनिसमध्ये लुका पाचोली या धर्मगुरूने 1494 साली दुनोंदी पद्धत छापील पुस्तकात घातली आणि ती विकत मिळू लागली. आपल्याकडे कौशल्य कमी नव्हते. ते घराबाहेर पडायला मात्र फार काळ लागला.

ते पडले 1913 साली, मुंबईत. सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स हे आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. मुंबईचा शेअर बाजार 1875 पासून संघटित होता, गिरण्या त्याहून जुन्या होत्या आणि त्यांचे ताळेबंद समजणारी माणसे मात्र तुटपुंजी होती. मुंबईत 1918 साली सरकारी हिशेबनिसीची पदविका सुरू झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सिडनहॅममध्ये राजकीय अर्थशास्त्र शिकवायला एक तरुण प्राध्यापक रुजू झाले : भीमराव रामजी आंबेडकर. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला ते 1920 साली पुन्हा गेले आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या फडाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या समाजातला माणूस चलनाचे शास्त्र शिकवायला उभा राहिला. फायनान्सच्या इतिहासात याहून मोठे वळण मला महाराष्ट्रात दिसत नाही, आणि व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल 1881 सालीच निघाले होते. 'एमबीए' ही पदवी हार्वर्डने 1908 साली आणली. गंमत अशी की त्या आरंभीच्या हार्वर्डमध्ये विशेष अभ्यास धंद्यानुसार लावलेला होता : कोणी रेल्वेचा, कोणी विम्याचा, कोणी छपाईचा. कामानुसार विभागणी पुढे रुळली, आणि तिची नेटकी मांडणी केली ती एका फ्रेंच खाण-अभियंत्याने. आंरी फायोल याने 1916 साली कुठल्याही उद्योगाची कामे सहा गटांत बसवली : तांत्रिक, व्यापारी, आर्थिक, सुरक्षेची, हिशेबाची आणि या सर्वांवरची व्यवस्थापकीय. आजच्या फाट्याच्या पाट्या तिथे जवळजवळ वाचता येतात. एक मात्र दिसत नाही. माणसांसाठी वेगळा गट फायोलच्या यादीत नाही. तो गट आपल्याकडे कुठून आला, हे पाहायला हार्वर्डला जायची गरज नाही. परळ-लालबागला जावे लागेल.

गिरणीत कामगार भरती करी जॉबर. आपल्याकडे त्याला मुकादमही म्हणत. पहाटे फाटकाशी कायम नोकरी नसलेले बदलीवाले उभे असत. आज कोणाला साच्यावर घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हे जॉबरच्या बोटावर ठरे. त्या बोटाची किंमत होती, तिला दस्तुरी म्हणत. जॉबर गावाकडचा असे, खोली तोच मिळवून देई, अडीअडचणीला पैसेही तोच देई आणि पगाराच्या दिवशी व्याजासकट तोच वसूल करी. मालकाला कामगाराचे नावही ठाऊक नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांना संघटित केले आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मिळवली, तेव्हा या साखळीला पहिला धक्का बसला. मोठा धक्का 1928 चा. गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद राहिल्या. त्यानंतर नेमलेल्या शाही मजूर आयोगाने 1931 च्या अहवालात सांगितले, की भरती जॉबरच्या हातून काढा आणि कारखान्यात मजूर अधिकारी नेमा. मुंबई सरकारने 1934 साली तंटे मिटवण्याचा कायदा करून सरकारी मजूर अधिकारी नेमला. गिरणीमालकांनी आपलेही अधिकारी ठेवले आणि 1935 साली बदलीवाल्यांना नोंदणीचे पास देण्याची पद्धत आणली. एचआरचा जन्म असा संपाच्या धगीत झाला. कुठल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला नाही.

खुर्ची तयार झाली, मग तिच्यावर बसणाऱ्याला शिकवायचे कोणी? नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने 1936 साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. कामगार कल्याण हा तिथे समाजकार्याचा भाग होता. परळची मजूर संस्था 1947 ची. आज ती लोखंड्यांच्याच नावाने ओळखली जाते. मग 1948 चा कारखाने कायदा आला. त्याच्या 49 व्या कलमाने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी ठेवणे सक्तीचे केले. एका कलमाने हजारो जागा निर्माण केल्या आणि जागांमागून अभ्यासक्रम धावले. पुणे विद्यापीठाची 'एमपीएम' ही कर्मचारी-व्यवस्थापनाची पदवी घेऊन पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत शिरलेली मराठी मुले त्याच धावण्यातली. पुढे 1975 च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्याकडून माणसांच्या विकासासाठी स्वतंत्र विभागाची आखणी करून घेतली. देशातला असा हा पहिला विभाग, तोही मुंबईचाच. दत्ता सामंतांचा 1982 चा संप फसला, गिरण्या विझत गेल्या आणि विषयाचा रोख फाटकावरून केबिनकडे वळला. मूल्यमापन, प्रशिक्षण, नेतृत्व हे ठळक झाले. औद्योगिक संबंध एखाद्या पेपरापुरते उरले. हे मला नुकसानीचे वाटते. कंत्राटी कामगाराच्या आजच्या प्रश्नाला जॉबरची गोष्ट जितकी उपयोगी पडेल, तितके गुणांकनाचे तक्ते पडणार नाहीत.

मार्केटिंगचे कूळ शोधताना लोक 1960 च्या मॅकार्थीच्या चार 'पीं'पासून किंवा 1967 च्या फिलिप कोटलरच्या ग्रंथापासून सुरुवात करतात. आपण त्याआधीच्या काळात, बेळगावात थांबू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत. माल चांगला असून चालत नाही, गिऱ्हाईकाच्या मनातली शंका आधी काढावी लागते, हा धडा तिथे फुकट मिळाला नाही. कारखाना 1910 साली औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला आला आणि 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची आणि गिऱ्हाईकांची वार्ता देणारे ते पत्र. ते पुढे मराठीतले एक नामांकित मासिक झाले, हे सर्वांना माहीत आहे. त्याची पहिली नोकरी मालाची ओळख करून देण्याची होती, हे विसरले जाते.

स्वातंत्र्यानंतर या सुट्या धाग्यांना विद्यापीठीय गाठ बसली. कलकत्त्यात 1953 साली व्यवस्थापनाची संस्था निघाली. अमेरिकेत 1959 साली फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या दोन अहवालांनी व्यवस्थापन-शाळांना पोकळ म्हणून झोडपले; त्यावर उपाय म्हणून गणित, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र आत आले आणि प्रत्येक शाखेला स्वतःचे सिद्धांत, स्वतःची नियतकालिके, स्वतःचे प्राध्यापक मिळाले. शाखांमधल्या भिंती जाड झाल्या त्या इथे. नेमक्या याच घडीला भारत संस्था उभारत होता. 'आयआयएम'साठी आधी मुंबईचे नाव चर्चेत होते. 1961 साली संस्था मिळाल्या कलकत्ता आणि अहमदाबादला. मुंबई विद्यापीठाने 1965 साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था काढली. पवईला 1963 साली 'निटी' निघाली होती, औद्योगिक अभियांत्रिकीसाठी. ऑपरेशन्स या शाखेचे ते माहेरघर. या 'निटी'चेच 2023 साली 'आयआयएम मुंबई' झाले. हुकलेली गोष्ट मुंबईला 62 वर्षांनी मिळाली, तोवर नागपूरने 2015 सालीच बाजी मारली होती. मधल्या काळात व्यवस्थापकांची मागणी वाढायला आणखी एक कारण घडले. उद्योग घराण्यांच्या हाती ठेवणारी मॅनेजिंग एजन्सीची पद्धत एप्रिल 1970 मध्ये कायद्याने संपली. पुतण्याला खुर्चीवर बसवणे अगदी थांबले नाही, पण पुतण्याला पदवी लागू लागली.

सिस्टिम्सबद्दल थोडक्यात सांगता येईल. मुंबईत 1968 साली टीसीएस सुरू झाली, फकीरचंद कोहली यांनी ती वाढवली, आणि संगणक हिशेबखात्यातून निघून स्वतंत्र शाखा बनला. आज त्या शाखेची जागा 'बिझनेस ॲनालिटिक्स' घेत आहे.

महाराष्ट्रात 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. अभियांत्रिकीमागोमाग व्यवस्थापनाच्या संस्थाही उपनगरांत पसरल्या, आणि चर्चगेट-माटुंग्यापुरती असलेली पदवी दहिसरची खाडी ओलांडून आली. विद्यार्थी वाढले तशा पाट्याही वाढल्या : औषधनिर्मिती, रुग्णालय, किरकोळ विक्री, कृषी, मालवाहतूक. हार्वर्डने रेल्वे आणि छपाई मागे टाकून शंभर वर्षे झाली, आणि आपण पुन्हा धंद्यानुसार विषय लावू लागलो आहोत. मला यात मागे जाणे दिसत नाही. भिवंडीच्या गोदामांना माणसे हवीत, खुर्ची आधी मांडली गेली आहे, विषय नेहमीप्रमाणे मागून येतो आहे.

भाईंदर-मिऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांना मात्र या पाट्यांचे फारसे सोयरसुतक नाही. स्टीलच्या भांड्यांच्या एखाद्या गाळ्याचा मालक सकाळी पत्र्याची खरेदी करतो, दुपारी प्रेसवरच्या कारागिराला आगाऊ उचल देतो, संध्याकाळी दुकानदारांना फोन लावतो आणि रात्री टॅलीतली शिल्लक पाहतो. पाचही शाखा एकाच माणसात, फायोलचे सहाही गट धरून. अशा घरातली मुलगी दुसऱ्या वर्षाचा अर्ज घेऊन आली, तर बापाचा प्रश्न एकच असतो : यातला उधारी वसूल करायला शिकवणारा विषय कोणता? अभ्यासक्रमानुसार उत्तर फायनान्स, खेळते भांडवल या प्रकरणात. दुकानदाराच्या दारात पैसे मागायला मात्र मार्केटिंगवाल्यालाच जावे लागते.