दुचाकीच्या टायरचे दाबमापक

टायर दाबमापक : टायरमधल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे हे दाखवणारे, हातात मावणारे उपकरण. दुकानात आणि रस्त्यावर त्याला ‘गेज’ म्हणतात. त्याची तबकडी पीएसआय, बार, किलोपास्कल किंवा किलो प्रति चौरस सेंटिमीटर यांपैकी एकदोन मापांत आखलेली असते. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल किंवा १४.५ पीएसआय, १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १४.२ पीएसआय. वाहनांच्या पुस्तिकांत ही सगळी मापे आढळतात. हवा भरणारा माणूस मात्र ‘किती मारू, तीस?’ एवढेच विचारतो, आणि ते तीस पीएसआयच असतात.

दुचाकीसाठी गेज निवडताना मोटारीपेक्षा जास्त चोखंदळ असावे लागते. रोजच्या वापराच्या १००-१२५ सीसी मोटरसायकलींना पुढच्या चाकात साधारण २५ पीएसआय हवा सांगितलेली असते, मागच्या चाकात एकट्यासाठी २८च्या आसपास आणि डबलसीटसाठी त्याहून जास्त. पंचविसात तीनची चूक म्हणजे बारा टक्के. हवा कमी असली की टायरच्या बाजू वाजवीपेक्षा जास्त दबतात, टायर तापतो, हँडल जड लागते आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. जास्त झाली तर टायर मधोमध झिजतो आणि रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो. पावसाळ्यात घाटातल्या वळणावर गाडी कललेली असताना यातले काहीच परवडत नाही.

भरायचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा चेन गार्डवर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर उठावात असलेला आकडा वेगळा आहे. पूर्ण भार वाहताना त्या टायरला चालणारा तो कमाल दाब होय. बरेच जण तोच आकडा भरून घेतात आणि मग गाडी उडते म्हणून शॉकअपला दोष देतात.

रचना. बाजारात तीन प्रकारची गेजे मिळतात. पेनासारख्या दिसणाऱ्या गेजात एक दट्ट्या आणि एक स्प्रिंग असते. हवेने दट्ट्या ढकलला की आखीव पट्टी बाहेर सरकते. ते स्वस्त असते, सेलवर चालत नाही आणि सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत सहज राहते. पण दट्ट्याच्या रबरी सीलचे घर्षण, आत गेलेली धूळ आणि पट्टीवरच्या दाटीवाटीच्या रेषा यांमुळे त्यावर एकदोन पीएसआयपेक्षा बारीक भरवसा ठेवता येत नाही. वाटेत हवा अचानक कमी झाली का, एवढे पाहायला ते पुरते.

तबकडीच्या चांगल्या गेजात बूर्दों नळी असते. फ्रेंच यंत्रकार युजेन बूर्दों याने १८४९ मध्ये वाफेच्या बॉयलरांसाठी तिचे पेटंट घेतले. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवेचा टायर व्यवहारात आणला तेव्हा ही नळी चाळिशीला आली होती. नळी पितळेसारख्या धातूची, चपट्या छेदाची आणि कमानीसारखी वाकवलेली असते. जत्रेतली गुंडाळलेल्या कागदाची पिपाणी फुंकली की उलगडते, तशी ही नळी दाब आला की किंचित सरळ होऊ पाहते. तिचे मोकळे टोक हलते आणि दातेरी चाके ती हालचाल मोठी करून काट्यापर्यंत पोचवतात. यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, फक्त आपटले तर नळी कायमची वाकते आणि शून्यावर टेकणारा काटा शून्य सोडून उभा राहतो. म्हणून तबकडीभोवती जाड रबराचे वेष्टण असलेलेच गेज घ्यावे.

डिजिटल गेजात दाबाने ताणल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या पातळ पडद्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. अंधारात वाचता येणे ही त्याची मोठी सोय. मात्र सेल उतरू लागल्याची सूचना देणारे, आणि सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळेल असे असावे.

पल्ला. निवडीत सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते पल्ल्याकडे, म्हणजे तबकडी कुठून कुठपर्यंत आखली आहे याकडे. गेजाची अचूकता सहसा पूर्ण पल्ल्याच्या टक्क्यांत सांगितलेली असते, समोर दिसणाऱ्या आकड्याच्या टक्क्यांत नव्हे. दोन टक्के चुकणारे गेज २०० पीएसआयपर्यंतचे असेल तर त्याची चूक ४ पीएसआय. तेच ६० पर्यंतचे असेल तर १.२. हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानात कॉम्प्रेसरला लावलेले गेज ट्रकसाठी असते, आणि ट्रकच्या टायरात १०० पीएसआयच्या वर हवा असते. त्या तबकडीवर २५ आणि २८ हे आकडे अगदी सुरुवातीच्या कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून येतात. दुकानदार प्रामाणिक असला, गेज नवे असले, तरी दुचाकीच्या कामाला ते अपुरेच.

अमेरिकेत प्रचलित असलेल्या एएसएमई बी ४०.१०० या मानकात ‘बी’ श्रेणीच्या गेजाला पल्ल्याच्या मधल्या निम्म्या भागात दोन टक्के आणि दोन्ही टोकांच्या चतुर्थांशांत तीन टक्के चूक माफ असते. याचा अर्थ, ० ते ६० पीएसआयच्या गेजावर १५ ते ४५ हा भाग सर्वांत विश्वासाचा, आणि रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या दुचाकींचा दाब नेमका त्यातच बसतो. ६० हा आकडा म्हणूनच बरोबर आहे. मोटोक्रॉस आणि एन्ड्युरोवाले १२-१५ पीएसआयवर गाडी चालवतात, त्यांना ० ते ३० चे वेगळे गेज लागते. त्याच मानकातल्या ‘२-ए’ श्रेणीची चूक अर्ध्या टक्क्यात राहते, म्हणजे साठाच्या तबकडीवर ०.३ पीएसआय. युरोपातल्या ईएन ८३७ या मानकाप्रमाणे बनलेल्या गेजावर १.६ किंवा २.५ असा वर्ग छापलेला असतो. तोही पल्ल्याच्या टक्क्यांचाच आकडा. भारतात बूर्दों नळीच्या गेजांसाठी आयएस ३६२४ हे मानक आहे. तबकडीवर किंवा खोक्यावर यांपैकी कशाचाच उल्लेख नसेल आणि नुसतेच ‘अत्यंत अचूक’ लिहिले असेल, तर ती फक्त जाहिरात समजावी.

डिजिटल गेजातला दशांश याच कारणाने फसवा असतो. पडद्यावर २८.४ दिसते, पण माहितीपत्रकात चूक एक पीएसआय दिलेली असेल, तर खरा दाब २७.४ ते २९.४ यांत कुठेही असू शकतो. दशांश दिसणे हा पडद्याचा गुण आहे, आतल्या संवेदकाचा नव्हे.

तोंड आणि नळी. व्हॉल्व्हवर टेकणाऱ्या भागाला नोझल म्हणतात. मोटरसायकलींवरचा व्हॉल्व्ह श्राडर धर्तीचा असतो. जॉर्ज श्राडर याने १८९३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मोटारीच्या चाकात व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला असतो, तिथे कुठलेही गेज चालते. दुचाकीत तो डिस्क, स्प्रॉकेट आणि आऱ्यांच्या मध्ये अडकलेला असतो. पुढे दोन डिस्क असतील तर सरळ, लांब नोझल आत जातच नाही. स्कूटरच्या छोट्या चाकात तर बोटे घालायलाही जागा पुरत नाही. नोझल तिरपे बसले की हवा फुसफुसते, काटा अर्ध्यावर थांबतो आणि माणूस समजतो की टायर बसला आहे.

म्हणून पाऊण-एक वीत लांबीची लवचीक नळी आणि तिच्या टोकाला काटकोनात वळलेले किंवा फिरणारे आखूड तोंड, ही दुचाकीच्या गेजाची खरी ओळख. ‘मोशन प्रो’ या अमेरिकी कंपनीचे ० ते ६० चे गेज याच घाटाचे आहे. इलिनॉय राज्यातल्या जी. एच. मायझर कंपनीचे ‘अ‍ॅक्यु-गेज’ हेही बूर्दों नळीचे, पितळी सांध्यांचे जुने नावाजलेले गेज. नोझल पितळेचे असावे. प्लास्टिकच्या नोझलमधली पिन काही दिवसांत तिरपी होते. शक्य असेल तर स्वतःच्या गाडीच्या पुढच्या चाकाला लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणखी दोन सोयी कामाच्या आहेत. व्हॉल्व्हवरून काढल्यावरही काटा धरून ठेवणारी रचना, कारण गाडीखाली वाकून तबकडी तिरपी वाचली की आकडा हमखास चुकतो. आणि हवा सोडण्याचे बटण. पंपावर दोनतीन पीएसआय जास्तच भरून घ्यायचे, आणि घरी टायर थंड झाल्यावर बटण दाबत नेमक्या आकड्यावर आणायचे, हा अनुभवी चालकांचा शिरस्ता आहे.

ऊन, थंडी आणि उंची. दाब टायर थंड असताना मोजायचा असतो. गाडी तीनेक तास उभी असावी किंवा दीड-दोन किलोमीटरच्या आतच चाललेली असावी. टायरमधली हवा १० अंश सेल्सिअसने तापली की ३० पीएसआयच्या आसपासचा दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी दिसते ती यामुळे, टायर गळत नसतानाही. तापलेल्या टायरची ‘जास्त’ हवा काढून टाकणे ही नेहमीची चूक. टायर थंड झाल्यावर ती कमी पडते.

उंचीचा परिणाम कमी लोकांना ठाऊक आहे, आणि महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात लडाखला निघणाऱ्या चालकांना तो नेमका भेटतो. गेज बाहेरच्या हवेशी तुलना करते, आणि उंचावर बाहेरची हवाच विरळ होते. मुंबईत ३० अंशांना २९ पीएसआय भरले, तर टायरमधला निरपेक्ष दाब, म्हणजे निर्वाताच्या तुलनेतला दाब, ४३.७ पीएसआय होतो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथल्या १० अंशांच्या सकाळी आतला दाब ४०.८ वर उतरतो, पण बाहेरच्या हवेचा दाबही १४.७ वरून ९.५ च्या आसपास आलेला असतो. गेज ३१ च्या वर दाखवते, आणि ते बरोबरच दाखवते. थंडीने उतरलेला दाब विरळ हवेने भरून काढला, एवढेच.

अडचण येते ती सीलबंद उपकरणांची. व्हॉल्व्हच्या टोपीसारखे बसणारे काही संवेदक आतला निरपेक्ष दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचे १४.७ ठरलेले वजा करतात. वरच्या उदाहरणात असा संवेदक लेहमध्ये २६ दाखवील, शेजारचे साधे गेज ३१. दोघांपैकी एक बिघडले आहे असे वाटून भलताच उपाय केला जातो. ग्लिसरीन भरलेल्या तबकडीच्या गेजांवर रबरी बूच असते ते याचसाठी: तबकडीच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा करायला. प्रवासात ते उघडून पुन्हा बसवावे.

शर्यतीत याच आकड्यांवर निकाल फिरतात. मोटोजीपीमध्ये २०२४ पासून पुढच्या टायरचा किमान दाब १.८० बार, म्हणजे सुमारे २६ पीएसआय ठरवला आहे आणि मुख्य शर्यतीच्या ६० टक्के फेऱ्यांत तो राखावा लागतो. २०२५ च्या कतार शर्यतीत माव्हेरिक विन्यालेस दुसरा आला, पण दाब किमान मर्यादेखाली आढळल्याने १६ सेकंदांचा दंड बसून चौदाव्या स्थानावर गेला. त्याच वर्षी थायलंडमध्ये मार्क मार्केझने आघाडीवर असताना धाकट्या भावाला, आलेक्सला, पुढे जाऊ दिले. कोणाच्या तरी मागे राहिले की पुढच्या चाकाला थंड वारा कमी लागतो, टायर तापतो आणि दाब चढतो. पुढे मार्कने शर्यत जिंकलीही.

पडताळणी. नवे गेज घरी आणल्यावर एकाच टायरचा दाब लागोपाठ चार-पाच वेळा मोजावा. दर मोजणीला जराशी हवा निसटते, म्हणून आकडे किंचित उतरत गेले तर चिंता नाही. ते खालीवर उड्या मारू लागले तर गेज परत करावे. कायम एक पीएसआय जास्त दाखवणारे गेज चालते, कारण तो एक मनात वजा करता येतो. आज एक जास्त आणि उद्या दोन कमी दाखवणाऱ्याचे काहीच करता येत नाही.

ती कायमची चूक किती, हे कळण्यासाठी मात्र दुसरे भरवशाचे गेज लागते. कंपनीच्या मान्यताप्राप्त टायरविक्रेत्याकडच्या गेजाशी तुलना करणे हा सोपा मार्ग. पिंपरी-चिंचवडसारख्या वाहनउद्योगाच्या पट्ट्यात एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या तपासणी प्रयोगशाळा आहेत. तिथे ज्ञात वजन ज्ञात क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ठेवून दाब निर्माण करतात आणि गेज प्रत्येक टप्प्यावर किती चुकते याचे पत्रक देतात. पेट्रोल पंपावरची आकडा लावून ठेवायची, भरून झाल्यावर वाजणारी यंत्रे हवा भरायला सोयीची आहेत, पण दिवसभर ऊन, धूळ आणि ओढाताण सोसणाऱ्या त्या यंत्राला प्रमाण मानून घरचे गेज दुरुस्त करू नये.

गाडीतच बसवलेली दाबदर्शक यंत्रणा असली तरी हातातले गेज लागतेच. बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलींवरची यंत्रणा टायरमधल्या हवेचे तापमान धरून, २० अंशांना जो दाब असता तो पडद्यावर दाखवते. चालून तापलेल्या टायरला गेज लावले की दोन आकडे जुळत नाहीत, आणि ते जुळायला नकोतच.

निगा. गेज टूलबॉक्समध्ये पान्यांसोबत सुटे टाकू नये. कापडी पिशवीत ठेवावे. पेनाच्या प्रकारात पावसाचे पाणी शिरले तर पट्टी अडकते, म्हणून वापरल्यावर पुसावे. नोझलमधले रबरी वॉशर कडक झाले की हवा फुसफुसू लागते. ते बदलून मिळते. मोजून झाल्यावर, टोपी बसवण्याआधी, पंक्चरवाले व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावून बुडबुडा येतो का पाहतात. बुडबुडा आला तर आतली पिन आवळावी किंवा बदलावी, आणि दाब पुन्हा मोजावा.